मुरलेली बॅग

२ मार्च
(पाकिटावर: विमान वर गेल्यावरच उघडणे)

मुंगे,

हे पाकीट विमान वर गेल्याशिवाय उघडायचं नाही असं बजावलं होतं, आणि तू खुर्चीत टेकल्या टेकल्या फोडलं असणार. असो. निदान कमरेचा पट्टा आधी बांध आणि मग वाच.

पहिल्यांदा आपल्या कराराची उजळणी. आईला रोज फोन करायचा आणि ‘सगळं छान’ म्हणायचं. माझ्या ताईला तेवढं पुरतं, तिला ऐकायचंच तेवढं असतं. मला फोन करायचा नाही. फोनवर माणूस ‘बरंय’ म्हणतो आणि ठेवून देतो. मला पत्र लिहायचं आणि पत्रात खरं लिहायचं. वाईट असेल तर वाईट. मीही तसंच लिहीन.

लोक म्हणतात, मामा स्वतः कधी विमानात बसला नाही आणि भाचीला प्रवास शिकवतोय. लोक म्हणजे तुझी मामी. म्हणू दे. मी शाळा अर्ध्यात सोडली हे खरं, पण दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या बॅगांनी मला पुष्कळ शिकवलं. कुठल्या विमानतळावर माणसं बॅगा उचलतात आणि कुठे फेकतात, ते मला कोपरे बघून कळतं. भिंतीवर मी जे टॅग चिकटवून ठेवलेत त्यांवरची तीन-तीन अक्षरं वाचून मी जगातली निम्मी शहरं सांगू शकतो. तू लहानपणी त्याच भिंतीखाली बसून माझ्या दोऱ्याच्या मेणाचे हत्ती-घोडे करायचीस. पुढे त्याच बोटांनी कवळ्या बनवायला लागलीस. तेव्हा आज विमानात बसली आहेस त्यात त्या मेणाच्या गोळ्याचाही थोडा वाटा आहे, हे जाता जाता नमूद करतो.

बॅगेबद्दल. जाड कॅनव्हास, कोपऱ्यांना चामडं, चाकं एका मोडीत निघालेल्या चांगल्या बॅगेची. शिलाई हाताची, दोन सुयांची. एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. झाकणाच्या आत दुकानाचा शिक्का आणि पत्ता आहे, तो मी माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक बॅगेत मारतो. शेवटचा दोरा दातानेच तोडला, मामी घरात नव्हती म्हणून. तू काय म्हणणार आहेस ते ठाऊक आहे.

तुझ्या मेणाच्या सुऱ्या आणि कोरण्या खालच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेत. टोकदार म्हणून हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत. त्या जप. लॅबच्या बाईंनी स्वच्छ कळवलंय की तीन महिने बघणार, शेवटी वरच्या दातांचा अख्खा जोड मेणात कोरून घेणार, पसंत पडला तर नोकरी, नाहीतर परतीचं विमान. त्या सुऱ्यांच्या मुठी तुझ्या बोटांच्या मापाने मी घासल्या आहेत. दुसऱ्या कुणाच्या हातात त्या नीट बसणारच नाहीत.

आणखी एक. बॅगेच्या बाजूला एक जुना टॅग दिसेल, समुद्रकाठच्या एका शहराचा. तो मी माझ्या भिंतीवरून काढून, वर पारदर्शक प्लास्टिक लावून, चारी बाजूंनी शिवला आहे. नवख्याला जग नाडतं. तू नवखी आहेस ते चेहऱ्यावर दिसणारच, बॅग तरी मुरलेली दिसू दे.

विमान चढता-उतरताना कान दडपतात. जांभई द्यायची. खोटी चालते.

खिडकीतून बघ आणि सगळं लिही. ‘छान होतं’ असं लिहू नकोस. कसं होतं ते लिही.

तुझा मामा


९ मार्च

मामा,

पट्टा आधी बांधला, पाकीट नंतर फोडलं. अर्धी आज्ञा पाळली, बाकी अर्धी सोडून दे.

शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ विमान हलायच्या आत झोपले, तोंड उघडं टाकून. मला बघायचं नव्हतं, पण तोंड माझ्याकडेच होतं. वर डावीकडे तीन बसवलेल्या दातांचा पूल. काम सुबक, रंग मात्र एक छटा पांढरा. बनवणाऱ्याने त्यांना दिवसाउजेडी बघितलं नसणार. मग मी खिडकीकडे वळले. प्लास्टर कालवून भांड्यात ओतलं की ते आधी थरथरतं आणि मग जमायला लागतं, बघ. ढग वरून तसे दिसतात, जमायच्या जरा आधीचे. मला सारखं वाटत होतं की आता हलवणं थांबवलं पाहिजे.

उतरताना शहर दिसलं ते नदीच्या वळणाला धरून, घरं दाटीवाटीने, मधे एक दोन फटी. खालचा जबडा. हसू नकोस, मला तरी तसाच दिसला.

पासपोर्ट बघणाऱ्याने मान वर न करता विचारलं, “कशासाठी आलात?” मी म्हटलं, “दात बनवायला.” तेव्हा त्याने मान वर केली आणि हसला, पण ओठांवर हात ठेवून. असं कोण हसतं ते आपल्याला माहीत आहे. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं, त्याने शिक्का मारला.

माझी खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. छत एका बाजूला उतरतं. मी मुंगी असून डोकं आपटते, तू आलास तर तुला रांगावं लागेल. खाली चाकात हवा भरल्याचा फुस्स असा आवाज येतो, मग घंटी वाजवून बघतात. सकाळी मला त्यानेच जाग येते. रस्त्यात माणसं लाल दिव्याला थांबतात, गाडी नसली तरी थांबतात. पहिल्या दिवशी मी एकटीच ओलांडून गेले आणि पलीकडे पोचल्यावर इतकी लाज वाटली की पुन्हा मागे जाऊन थांबावंसं वाटलं.

लॅबमध्ये पाऊल टाकलं आणि वितळलेल्या मेणाचा वास आला. तेवढ्यापुरतं वाटलं, कुठे लांब आलेच नाही. लांब टेबल, प्रत्येकापुढे छोटी ज्योत. माझ्या शेजारी एक खूप उंच माणूस बसतो, मी त्याला मनात उंट म्हणते. मालकीणबाई वयस्कर आहेत, पांढरा कोट, बोलणं थोडं. बोलतात तेव्हा त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, दातांकडे बघतात. मीही तेच करते. आमची पहिली भेट अशी झाली की दोघींनी एकमेकींचे डोळे पाहिलेच नाहीत.

बॅग ठीक आहे.

आईला ‘सगळं छान’ चालू आहे. मामीला सांग, स्वेटर उबदार आहे.

मुंगी


२० मार्च

मुंगे,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग ताईला वाचून दाखवलं, शेजारचे गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपले होते तो भाग गाळून.

प्लास्टर पटलं. जबडा पटला. लाल दिवा पटला नाही. गाडी नसताना थांबायचं ते कुणासाठी? चौकशी कर. कारण असल्याशिवाय माणसं शिस्त पाळत नाहीत.

आता बॅग. पासपोर्टवाल्याच्या हसण्यावर तू चार ओळी लिहिल्यास आणि माझ्या बॅगेवर तीन शब्द. चाकं दगडी रस्त्यावर कशी चालली? हँडल ओढताना खडखडतं का? फिरत्या पट्ट्यावर ती कितवी आली? चामड्याला ओल लागली का? यातलं काहीच नाही. मामी म्हणाली, “पोरीला दुसरे उद्योग नाहीत का, तुमच्या बॅगेच्या तब्येतीचे बुलेटिन काढायला?” पण मी तुला ओळखतो. तू लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही ‘बरणी ठीक आहे’ असंच म्हणाली होतीस.

चेन गेली ना? खरं सांग. मला वाटलंच होतं. रनर मी नवा टाकला, पण दाते जुने ठेवले, कारण जुन्या दात्यांचा धातू जाड असतो. आता गेली असेल तर दोष दात्यांचा नाही, रनरवाल्याने मला गंडवलं. उपाय सांगतो: रनरच्या दोन्ही कडा पकडीने हलकेच दाबायच्या, हलकेच, बोटाने पेरू दाबून बघतो तितक्याच. दात्यांवर मेणबत्ती घासायची. मेण तुझ्याकडे ढिगाने आहे.

आणि लिहिताना लाजू नकोस. माझ्या कामात चूक निघाली तर मला आधी कळली पाहिजे.

मामा


१ एप्रिल

मामा,

चेन गेली नाही. चेन जागच्या जागी असेल. बॅगच आलेली नाही.

तुझं पत्र वाचून मी खूप वेळ खाली सायकलवाल्याच्या पायरीवर बसले होते. करार मी पहिल्याच पत्रात मोडला. आता नीट लिहिते.

विमानातून उतरल्यावर सगळे फिरत्या पट्ट्यापाशी उभे राहिलो. भिंतीत एक भोक असतं, त्याला रबराच्या झालरी. त्यातून बॅग नाक खुपसून बाहेर येते आणि आपल्या माणसाला शोधत निघते. मी सगळ्यांच्या ओळखल्या. काळी, काळी, निळी, दोरीने बांधलेली खोकी. एकेक माणूस आपापली घेऊन गेला. शेवटी पट्ट्यावर कुणाची तरी छत्री उरली, ती दोन फेऱ्या मारून गेली आणि पट्टा थांबला. मी वाकून झालरीतून आत बघितलं. आत काय असतं हे मला अजून कळायचं आहे. नुसता अंधार आणि वारा होता.

मग एका खिडकीवर गेले. तिथल्या बाईला सर्दी झाली होती. तिने बॅगांच्या चित्रांचा तक्ता पुढे केला, यातली कुठली ते दाखवा म्हणाली. एकही तुझ्या बॅगेसारखी नव्हती. मग मी सांगायला लागले. कोपऱ्याचं चामडं कुठल्या बाजूने मुडपलंय, टाका कसा आहे, चाकांच्या मधे तू घातलेली पत्र्याची पट्टी. ती लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, “तुम्ही बनवलीत का?” मी म्हटलं, “माझ्या मामाने.” तिने रुमालाने नाक पुसलं आणि पुढचं सगळं मी सांगितलं तसं लिहून घेतलं. एरवी म्हणे लोक ‘काळी, मोठी’ एवढंच सांगतात.

कशामुळे चुकली ते कुणालाच माहीत नाही. शोधतायत.

कपड्यांचं काही नाही, हातातल्या पिशवीत दोन जोड होते. सुऱ्यांचं मात्र खरंच वाईट झालं. इथल्या मुठी उंटाच्या हाताच्या आहेत. बोटं पुरत नाहीत, मनगटाने कोरावं लागतं. पहिल्याच आठवड्यात सुळा कोरायला दिला. मनगटाने केलेला सुळा बैलाला शोभला असता. मालकीणबाईंनी तो उचलला आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवला. अजून तिथेच आहे. रोज सकाळी खुर्चीत बसले की आधी तो दिसतो.

आईला सांगू नकोस. ती लगेच ‘परत ये’ म्हणेल, आणि मला परत यायचं नाही. इथे बघण्यासारखं इतकं आहे.

मुंगी


१२ एप्रिल

मुंगे,

ताईला सांगितलेलं नाही. मामीला सांगावं लागलं, कारण पत्र वाचून मी कातर हातात घेऊन दुकानातून घरात आणि घरातून दुकानात येरझाऱ्या घालत होतो आणि तिला वाटलं मी कुणावर तरी उठलोय.

एवढी मोठी कंपनी, एवढी यंत्रं, आणि एका मुलीची एक बॅग सांभाळता येत नाही. मी त्यांना पत्र लिहिलंय. चांगलं दोन पानी. एका माणसाकडून इंग्रजी करून घेतलं, पण मजकूर माझा. त्यात मी लिहिलंय की गेली कितीतरी वर्षं मी तुमच्या हातून मोडलेल्या बॅगा जोडतो आहे, तेव्हा तुमची कामाची पद्धत मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बॅगेत कसलाही दोष नव्हता, चूक सर्वस्वी तुमच्या यंत्राची किंवा माणसाची आहे, आणि ती कुठल्या टप्प्यावर झाली हे शोधून मला लेखी कळवावं. मामी म्हणाली, “खाली सही करताना ‘जगाचा मामा’ लिहा.”

तू त्या सर्दीवाल्या बाईला सगळं सांगितलंस ते उत्तम. शिवलेल्या टॅगचंही सांगितलंस ना? त्याच्यामुळे बॅग पटकन ओळखू येईल.

सुरीचं ऐक. लॅबमध्ये एखादी जुनी, टाकून दिलेली सुरी असेल. माग. मूठ कानशीने घास, एकदम नाही, थोडी घासायची, मग दिवसभर वापरायची. संध्याकाळी बोटाला जिथे दुखेल तिथे दुसऱ्या दिवशी घासायची. तुझ्या सुऱ्या मी अशाच केल्या होत्या. फरक इतकाच की तेव्हा ‘मामा, इथे टोचतंय’ असं तू सांगायचीस. आता तुझं तूच सांग आणि तूच ऐक.

तो सुळा कठड्यावरून काढ म्हणावं त्यांना. किंवा नको. राहू दे.

मामा


२७ एप्रिल

मामा,

मूठ घासते आहे. उंटाने त्याची मोडकी सुरी दिली आणि रोज संध्याकाळी विचारतो, “आज कुठे?” मी बोट दाखवते, तो मान हलवतो. त्याला यात फार रस वाटायला लागलाय. काल त्याने स्वतःची मूठ काढून बघितली आणि म्हणाला की गेली कितीतरी वर्षं त्याला अंगठ्याखाली दुखतंय आणि त्याला वाटत होतं ते वयामुळे.

इथलं एक काम तुला सांगायलाच हवं. आपल्याकडे मी सगळ्यांना सारखे, सरळ, शुभ्र दात करून द्यायचे. गिऱ्हाईक खूश, डॉक्टर खूश. मी पहिला जोड तसाच केला. मालकीणबाईंनी विचारलं, “हे कुणाचे?” मी कागदावरचा नंबर सांगितला. त्या म्हणाल्या, “नंबर नको. कुणाचे?” मग त्यांनी खण उघडला. इथे कवळी करायला येणारा माणूस आपला जुना फोटो आणतो, तरुणपणीचा, हसतानाचा. एका आजोबांचा पुढचा दात दुसऱ्यावर चढलेला होता. त्यांना तो तसाच हवाय, कारण आधीची सरळ दातांची कवळी घातल्यावर बायको म्हणाली होती की हा कोण नवा माणूस घरात आला. तेव्हा आता मी वाकडे दात मन लावून कोरायला शिकते आहे. सरळ कोरण्यापेक्षा कितीतरी अवघड. वाकडं करायचं तर ते नेमकं किती आणि कशामुळे, हे कळावं लागतं.

परीक्षाही तशीच. फोटो नाही, साचा नाही. ओळखीच्या एका माणसाचे वरचे दात आठवणीतून कोरायचे. “मला नुसते दात दिसले तर तुम्ही घरी जाल,” त्या म्हणाल्या. “माणूस दिसला तर राहाल.” पुढच्या महिन्याच्या अखेरीस. आईचे करणार होते. पण आईचे दात तिच्यासारखेच आहेत, सरळ आणि स्पष्ट, कोरायला काही सापडत नाही.

मामी घरात नसली की अजून दोरा दातानेच तोडतोस ना?

बॅगेची बातमी अशी की ती एका समुद्रकाठच्या विमानतळावर दिसली होती. तिथल्या पट्ट्यावर एकटीच फिरत होती म्हणे. पुढे कुठे गेली ते कळत नाही. बघ, माझ्याआधी तुझी बॅग समुद्र बघून आली. का गेली ते विचारू नकोस, त्यांनाही माहीत नाही. कंपनीशी आता फार भांडू नकोस, मामा. माझं ऐक.

लाल दिव्याचं विचारलं. उंट म्हणाला, पलीकडे एखादं लहान मूल बघत असतं म्हणून.

मुंगी


२२ मे

मुंगे,

आज दुपारी मालवाहू टेम्पोतून एक माणूस बॅग घेऊन आला आणि सहीसाठी कागद पुढे केला. कॅनव्हास मळलेला, एका कोपऱ्याला तेलाचा डाग. गिऱ्हाईकाची समजून मी सवयीने आधी उलटी केली आणि चाक फिरवलं. चाक गुपचूप फिरलं, आवाज नाही. म्हटलं, कोणी बरं केलंय हे काम. आणि मग कळलं.

झाकणातल्या शिक्क्यावर पत्ता होता, तो वाचून त्यांनी बॅग इथे धाडली.

सगळं आहे. चेन उत्तम. टाका एकही सुटलेला नाही. सुऱ्या फडक्यात जशाच्या तशा. मी मामीला हाक मारणार होतो, बघ म्हणून. पण त्याआधी हँडलकडे लक्ष गेलं. विमानवाल्यांनी लावलेला टॅग तिथे नव्हता. नुसता बोटभर तुकडा लोंबत होता, कुठेतरी अडकून फाटलेला. आणि बाजूला माझा, समुद्रकाठच्या शहराचा, प्लास्टिकखाली कोरा करकरीत.

मी स्टुलावर बसलो. यंत्राला काय, त्याला टॅग दिसला, त्याने वाचला आणि त्या गावाला पाठवून दिलं. त्याने त्याचं काम चोख केलं. कागदाचा खरा टॅग फाटला. माझा फाटला नाही, कारण तो मी दोन सुयांनी शिवला होता. दोष शिलाईचा नाही, मुंगे. शिलाई चांगली होती हाच दोष.

मग मी तुझी पत्रं काढून परत वाचली. तुला ठाऊक होतं. त्या सर्दीवाल्या बाईने पहिल्याच दिवशी विचारलं असणार, जुना टॅग होता का म्हणून. ‘कशामुळे चुकली ते कुणालाच माहीत नाही’ असं तू लिहिलंस, ‘फार भांडू नकोस’ असं लिहिलंस, आणि मी इकडे कंपनीला दोन पानं लिहून त्यांची अक्कल काढत बसलो. त्यांचं उत्तरही आलं होतं, फार सभ्य. शेवटी त्यांनी सुचवलं होतं की प्रवाशांनी जुने टॅग काढून टाकावेत. ते मी उर्मटपणा समजून चुलीत घालणार होतो. घातलं नाही, आता सापडलं.

मला राग आलाय. तुझा थोडा, करार मोडलास म्हणून. बाकीचा कुणाचा ते लिहायची गरज नाही.

सुऱ्या पाठवायला गेलो होतो. टोकदार वस्तू म्हणून आधी तपासणी, मग परवानगी, तोवर तुझी परीक्षा होऊन जाईल म्हणाले. फोनही उचलला होता. ठेवून दिला. ‘बरंय’ म्हणाली असतीस.

जे हातात असेल त्याने कोर. नोकरी गेली तर ती माझ्यामुळे गेली, हे तुझ्या आईला मी सांगीन. तू सांगायचं नाहीस.

मामा


२ जून

मामा,

तुझं पत्र परीक्षा झाल्यावर दुसऱ्या दिवशी मिळालं. बरं झालं. आधी मिळालं असतं तर कोरायचं सोडून तुला उत्तर लिहीत बसले असते.

हो, विचारलं होतं. त्या खिडकीमागे भिंतीवर भलं मोठं चित्रच आहे, जुना टॅग आणि त्यावर कातर. मी ते चित्र बघितलं आणि मला तुझी भिंत दिसली. एवढं सगळं तू हौसेने शिकलास आणि मला दिलंस, त्यातलं एवढंसं चुकलं, ते तुला कळवायला माझा हात उठला नाही. करार मोडला तो मोडला. पण बरणीच्या वेळीही तुला सगळं ठाऊक होतं, तरी तू आईला सांगितलं नव्हतंस, हे मीही विसरलेले नाही.

आता परीक्षेचं. उंटाच्या सुरीने कोरलं, घासून घासून ती आता माझी झाली आहे. मालकीणबाईंनी जोड हातात घेतला, खिडकीकडे धरला, फिरवला. सगळे काम थांबवून बघत होते. त्यांनी अंगठ्याचं नख पुढच्या दातांच्या कडेवरून हळूच फिरवलं. डाव्या दाताच्या कडेला एक बारीक खाच आहे, दोरा बसेल एवढी. नख तिथे अडकलं. त्यांनी पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं.

“शिंपी?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “बॅगा शिवतात.”

“दोऱ्याला मेण लावतात?”

“लावतात.”

“आणि कुणाचं ऐकत नाहीत.”

मला हसू फुटलं. त्यांनी जोड टेबलावर ठेवला, खिडकीपाशी गेल्या, कठड्यावरचा माझा बैलाचा सुळा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, “सोमवारपासून वेळेवर या.” मी रोज वेळेवरच येते. उंट म्हणाला, त्या असंच बोलतात, ती पक्की नोकरी झाली.

आता निदान वर्षभर तरी आहे मी इथे, मामा. आईला आज खरंखुरं ‘सगळं छान’ म्हटलं, आणि तिला काही फरक कळला नाही.

सोबत जोडाची प्लास्टरची नक्कल पाठवते. मेणाचा मूळ जोड लॅबमध्ये राहील, नव्या लोकांना दाखवायला. म्हणजे तू इथे आधीच पोचला आहेस.

मुंगी


१६ जून

मुंगे,

पार्सल मिळालं. अभिनंदन वगैरे मामीने वेगळ्या कागदावर लिहिलंय, आणि ताईने सगळ्या गल्लीला सांगितलंय. मी कामाचं लिहितो.

तुझ्या कामात एक चूक आहे. आरशात बघितलं तर माझी खाच डावीकडे आहे, आणि तुझी नक्कल समोर धरली तर ती उजवीकडे येते. मी हे दोनदा तपासलं. एवढ्या मोठ्या लॅबमध्ये कुणाच्याच लक्षात आलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

वरचा परिच्छेद खोडत नाही, पण मामी येऊन म्हणाली, “अहो, ते दात तुमच्याकडे तोंड करून बसलेत. तुमच्यासारखं तोंड करून धरा.” तसं धरलं. बरोबर आहे. तुझं बरोबर आहे.

नक्कल टेबलावर ठेवली आहे. गिऱ्हाईकं विचारतात. मी म्हणतो, भाचीचं काम. टॅगची भिंत तशीच आहे, पण हल्ली दुरुस्तीला आलेल्या बॅगेवरचा जुना टॅग मी गिऱ्हाईकासमोरच कापतो आणि कारण समजावून सांगतो. कुणाची बॅग चुकली होती ते मी सांगत नाही. ते मामी सांगते.

तुझ्या बॅगेवरचाही उसवला. अर्धी दुपार गेली. ती शिलाई मी दुसऱ्या कुणाची उसवत असतो तर त्याला शाबासकी दिली असती. कॅनव्हासवर आता फिकट चौकोन उरलाय, तो राहू दे.

बॅग आता तुझ्याकडे पोचवायला हवी. टपालावर माझा विश्वास नाही आणि कंपनीवर तर अजिबात नाही, सभ्य असली म्हणून काय झालं. मामी म्हणाली, “जन्मभर दुसऱ्यांच्या बॅगा नीट केल्यात, स्वतःची एकदा भरा की.” मी म्हटलं, दुकान कोण बघेल. ती म्हणाली, “दुकान काही उडून जात नाही, तुम्ही जा.” तर पासपोर्टला फोटो काढून आलो. फोटोवाला हसू नका म्हणाला. खाच दिसली नाही.

सुऱ्या खालच्या कप्प्यात आहेत, फडक्यात. छत उतरतं ते लक्षात आहे, रांगेन. लाल दिव्याला थांबेन.

आता एक विचारतो, आणि हे दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही. कान दडपले की जांभई द्यायची, असं मी तुला लिहिलं होतं. ते मला एका गिऱ्हाईकाने सांगितलं होतं, त्याची चेन मी फुकट बसवून दिली होती. तू तीन महिन्यांत इतकं सगळं लिहिलंस, पण त्याबद्दल एक अक्षर नाही.

खरंच मोकळे होतात का? आणि खोटी चालते का, की खरीच लागते? नेमकं कळव.

मामा